दोन गावांच्या सावल्या

विषुवदिनी, म्हणजे मार्च महिन्याच्या एकविसाव्या तारखेच्या सुमारास, बेळगावच्या एखाद्या शाळेच्या पटांगणात एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी केली, तर ऐन माध्यान्ही तिची सावली साधारणपणे २८.४ सेंटिमीटर भरते. त्याच दिवशी निपाणीच्या शाळेत तितक्याच उंचीच्या काठीची सावली २९.४ सेंटिमीटर भरते. दोहोंत अंतर अवघे एका सेंटिमीटरचे. परंतु या एका सेंटिमीटरात पृथ्वीचा परीघ दडलेला आहे. बेळगावचे अक्षांश १५ अंश ५१ कला आणि निपाणीचे १६ अंश २४ कला. फरक ३३ कलांचा, म्हणजे अर्ध्या अंशाहून किंचित अधिक. नकाशावर या दोन गावांचे दक्षिणोत्तर अंतर सुमारे ६१ किलोमीटर येते. एवढ्या अंतराला एवढा कोन, तर पूर्ण वर्तुळाच्या ३६० अंशांना अंतर किती, हे त्रैराशिक सातवी-आठवीच्या मुलालाही सोडविता येते आणि उत्तर ४० हजार किलोमीटरांच्या आसपास येते.

हा प्रयोग परदेशातून आलेल्या एखाद्या नव्या अभ्यासक्रमातला आहे, अशी कोणाची समजूत होण्याचा संभव आहे. युरोपातील ग्रंथांत त्याचे श्रेय इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे राहणाऱ्या एराटोस्थेनिस या ग्रीक पंडिताला दिले जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्या भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायात हीच रीत स्पष्ट शब्दांत सांगितली आहे. एकाच दक्षिणोत्तर रेषेवरील दोन नगरे घ्यावीत, त्यांच्यामधील अंतर मोजावे, दोहोंच्या अक्षांशांतील फरक काढावा, आणि मग चक्रांशांना, म्हणजे ३६० अंशांना, किती अंतर येईल ते त्रैराशिकाने काढावे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. पृथ्वीचा परीघ त्यांनी ४,९६७ योजने दिला आहे. या रीतीत सर्वांत महत्त्वाचा शब्द कोणता, असे विचारले तर तो ‘दोन’ हा होय. एका नगरात बसून, एका शंकूच्या सावलीवरून, पृथ्वी मोजता येत नाही. दुसऱ्या नगरात कोणीतरी त्याच दिवशी तसाच शंकू उभा करून प्रामाणिकपणे मोजमाप केलेले असले पाहिजे. गणितशिक्षणात सहकार्याला जे स्थान आहे ते शिष्टाचाराचे नसून गरजेचे आहे, याचा यापेक्षा सुबोध दाखला मिळणे कठीण.

आपल्याकडे शंकूची सावली ही केवळ ग्रंथातली गोष्ट नव्हती. विषुवदिनी माध्यान्ही बारा अंगुळे उंचीच्या शंकूची जी छाया पडते तिला पलभा म्हणतात, आणि गावोगावची पलभा पंचांगकर्त्यांना ठाऊक असावी लागे. कारण तिच्यावाचून त्या गावचा दिनमान आणि लग्नसाधन यांचे गणित होत नाही. बेळगावची पलभा सुमारे ३.४ अंगुळे येते. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी तेराव्या शतकाच्या आरंभी खानदेशातील पाटण येथे आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, असे तेथील शिलालेखावरून समजते. म्हणजे ज्ञानही होते, आणि ते शिकविण्याची संस्थाही होती. परंतु कालांतराने वेध घेणारा हात मागे पडला आणि कोष्टकांची घोकंपट्टी पुढे आली. सावली मोजणारा गेला आणि पलभा पाठ म्हणणारा उरला.

एकोणिसाव्या शतकात हा तुटलेला धागा पुन्हा जोडण्याचा एक प्रयत्न माळव्यातील सिहोर येथे झाला, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा होता. भोपाळ दरबाराकडील इंग्रज पोलिटिकल एजंट लान्सलॉट विल्किन्सन याने तेथील संस्कृत पाठशाळेत भास्कराचार्यांचा सिद्धान्त शिकविण्यावर भर दिला. त्याचे म्हणणे असे की, पुराणांतील भूगोलावर श्रद्धा ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला एकदम कोपर्निकसाची मांडणी सांगण्यापेक्षा त्याच्याच परंपरेतील सिद्धान्तग्रंथाच्या पायरीवरून त्याला वर न्यावे. पृथ्वी गोल आहे, ती निराधार अंतरिक्षात आहे, हे भास्कराचार्यांनीच सांगितले असल्यामुळे अर्धी वाट आधीच चालून झालेली असते. या पाठशाळेशी संबंधित असलेल्या सुबाजी बापूंनी १८३६ साली ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध करून पुराणमत, सिद्धान्तमत आणि युरोपीय मत यांची तुलना केली. पुण्याकडचे परांजपे घराण्यातील बापूदेव शास्त्री याच पाठशाळेत शिकले, १८४२ साली काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक झाले, आणि विल्किन्सनने केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी शुद्ध करून १८६१ साली प्रकाशात आणले. दोन देशांच्या विद्या एका ओसरीवर बसून परस्परांना तपासून पाहतात, असे ते दृश्य होते. मात्र तेथेही भर होता तो ग्रंथांच्या तुलनेवर.

प्रत्यक्ष हाताने करावयाच्या विज्ञानाची गाठ मराठी विद्यार्थ्याला पडली ती मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली ही वेधशाळा स्थापन केली. पुढे जर्मनीतील गॉटिंगेन येथे गाउस आणि वेबर या शास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास करण्यासाठी निरनिराळ्या देशांतील वेधशाळांचा एक संघ उभारला. ठरलेल्या दिवशी, गॉटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे, सर्व ठिकाणी एकाच क्षणी चुंबकसूचीची नोंद घ्यावयाची, हा त्या संघाचा नियम. इंग्लंडच्या रॉयल सोसायटीने ही कल्पना उचलली आणि मद्रास, सिमला, सिंगापूर व मुंबई येथे कंपनीने त्यासाठी सोय केली. कुलाब्याला १८४१ पासून या नोंदी नियमितपणे सुरू झाल्या. एल्फिन्स्टन संस्थेत गणित व सृष्टिविज्ञान शिकविणारे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्याकडे हे काम होते, आणि ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांचाही या वेधशाळेशी संबंध आला.

याच ठिकाणी केरो लक्ष्मण छत्रे हे तरुणपणी नोकरीस लागले. चुंबकसूची किती सरली, पारा किती चढला, घड्याळ किती चुकते, हे रात्रंदिवस पाहून लिहिण्याचे काम कंटाळवाणे खरे. परंतु त्या कंटाळ्यातूनच गणिती घडतो. आपण मुंबईत लिहिलेला आकडा गॉटिंगेनच्या आकड्याशेजारी मांडला जाणार आहे, ही जाणीव असली म्हणजे हात आपोआप काळजीने चालतो. छत्र्यांनी पुढे पुण्यास अध्यापन केले, ग्रहसाधनाची कोष्टके १८६० साली मराठीत सिद्ध केली, आणि त्यांच्या शिष्यांत टिळक-आगरकरांसारखी माणसे निघाली. टिळकांच्या ज्योतिषविषयक ग्रंथांचे मूळ शोधीत गेल्यास ते अशा रीतीने कुलाब्याच्या त्या नोंदवह्यांपर्यंत पोहोचते.

बेळगावात लंडन मिशनची इंग्रजी शाळा १८३२ सालीच निघाली होती. म्हणजे ‘दर्पण’चा पहिला अंक आणि बेळगावची ही शाळा एकाच वर्षाची. सीमाभागाला पाश्चात्य विद्येचा परिचय उशिरा झाला असे म्हणता येणार नाही. आणि १८६८ साली तर खुद्द आकाशानेच या भागाकडे जगाचे लक्ष वेधले. त्या वर्षी १८ ऑगस्ट रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा एडनवरून येऊन दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटक ओलांडून आंध्र किनाऱ्याकडे गेला, आणि तेथून पुढे सयामपर्यंत पोहोचला. फ्रेंच ज्योतिषी जान्सन गुंटूरला उतरला. विजापूरच्या परिसरात इंग्रज व जर्मन निरीक्षकांनी ठाणी मांडली. बेळगावच्या पूर्वेस, पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात, लेफ्टनंट जॉन हर्शेल हा रॉयल सोसायटीने पाठविलेला वर्णपटदर्शक घेऊन सज्ज होता. युरेनस ग्रहाचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. सयामचा राजा मोंगकुट याने तर ग्रहणाचे गणित स्वतः करून परदेशी पाहुण्यांना ते पाहावयास बोलाविले होते.

ऑगस्टातले ढग मधून मधून आड येत होते. तरीही हर्शेलला सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या वर्णपटात तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तीन तेजस्वी रेषा दिसल्या. त्या ज्वाळा तप्त वायूंच्या आहेत, हे यावरून सिद्ध झाले. नारिंगी रेषा सोडियमच्या रेषेच्या जागी असावी असे त्याला वाटले. पण निरनिराळ्या ठिकाणांच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या गेल्या, आणि पुढे इंग्लंडात नॉर्मन लॉकयरने ग्रहणावाचूनही त्या रेषांचे मापन केले, तेव्हा ती रेषा सोडियमची नाही, ती त्याच्या शेजारची आहे, हे उघड झाले. ती ज्या मूलद्रव्याची होती त्याला हेलियम हे नाव मिळाले, आणि १८९५ साली रॅम्झेने ते पृथ्वीवरील खनिजातूनही मिळविले. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, असे महाराष्ट्रात पुष्कळदा सांगितले जाते. वस्तुतः लॉकयर १८६८ साली इंग्लंडातच होता. विजयदुर्गावर तो आला तो १८९८ सालच्या ग्रहणासाठी. तेथील ‘साहेबाचे कट्टे’ त्या भेटीची आठवण आहेत. परंतु या दुरुस्तीने सीमाभागाचे महत्त्व उणे होत नाही. कारण ज्या रेषांतून हेलियम ओळखले गेले त्या रेषा पाहणारे एक ठिकाण जमखंडी हे होते.

येथे एका गोष्टीचा विचार करणे अवश्य आहे. जमखंडीत, विजापुरात, विजयदुर्गावर जे घडले ते जगाच्या विज्ञानाच्या इतिहासात नोंदले गेले. पण जमखंडीच्या शाळेतील मुलाच्या वहीत त्याचे काय उमटले? वेध येथे झाले आणि निष्कर्ष लंडनला छापले गेले. ती भाषा इंग्रजी, ती उपकरणे पेटीबंद होऊन परत गेलेली. १८९८ सालच्या २२ जानेवारीस करमाळ्यानजीकच्या जेऊर गावी अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल, जपानी ज्योतिष्यांची तुकडी आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे कावसजी नायगमवाला एकाच माळावर दुर्बिणी रोवून बसले होते. दोन खंडांचे विज्ञान एका मराठी खेड्यात आले, हे लहान भाग्य नव्हे. विजयदुर्गावर लॉकयरने युद्धनौकेवरील खलाशांना हाताशी धरले, त्यांच्याकडून आधी पुष्कळ दिवस सराव करवून घेतला, आणि ग्रहणाच्या वेळी त्यांनी प्रभामंडलाची चित्रे काढली. त्यावरून एवढे तर सिद्ध झाले की, ज्याला विज्ञानाचा गंध नाही अशा माणसालाही, नीट शिकविले तर, उपयुक्त वेध घेता येतो. मग जे खलाशांना साधले ते शाळेतील मुलांना का साधू नये?

हा प्रश्न पुढे फार काळ कोणी गंभीरपणे विचारला नाही, आणि त्याची किंमत सीमाभागाला मोजावी लागली. १९८० सालच्या १६ फेब्रुवारीस पुन्हा एक खग्रास ग्रहण झाले. त्याचा पट्टा अंकोला, हुबळी, रायचूर असा, बेळगावच्या दक्षिणेकडून गेला. देशोदेशीचे शास्त्रज्ञ पुन्हा आले. पण त्या दिवशी देशातील किती तरी शहरांचे रस्ते ओस पडले होते. दारे-खिडक्या लावून लोक घरात बसले होते. १८६८ साली आपल्याजवळ उपकरणे नव्हती, असे म्हणता येते. १९८० साली काय नव्हते? शाळा होत्या, विज्ञानाची पुस्तके होती, ग्रहणाची आकृती प्रत्येक पुस्तकात होती आणि ती परीक्षेत काढून गुणही मिळत होते. केवळ ती आकृती आणि डोक्यावरचे आकाश यांचा संबंध जुळलेला नव्हता.

हा संबंध जुळवावयाचा तर विज्ञान हातातून डोक्याकडे गेले पाहिजे, ही जाणीव जगात दुसऱ्या महायुद्धानंतर प्रकर्षाने झाली. युद्धात युरोपातील असंख्य शाळा आणि त्यांच्या प्रयोगशाळा नष्ट झाल्या होत्या. विध्वंस झालेल्या देशांतील विज्ञानशिक्षकांना मोडक्यातोडक्या वस्तूंतून उपकरणे कशी बनविता येतील, हे सांगणारी एक लहान पुस्तिका स्टीफन्सन या इंग्रज शिक्षकाने तयार केली आणि युनेस्कोने ती १९४८ साली प्रसिद्ध केली. गंमत अशी की, जी पुस्तिका युद्धग्रस्त देशांसाठी होती ती ज्यांच्याकडे प्रयोगशाळा कधी नव्हत्याच अशा देशांना अधिक उपयोगी पडली. तिचाच विस्तार होऊन १९५६ साली युनेस्कोचा विज्ञानशिक्षकांसाठीचा मोठा ग्रंथ निघाला आणि तो अनेक भाषांत गेला. रिकाम्या डब्यांचा तराजू, बाटली आणि नळीचा वायुभारमापक, भिंगांच्या तुकड्यांची दुर्बीण, असे शेकडो प्रयोग त्यात आहेत. एका देशाच्या अडचणीतून निघालेला उपाय दुसऱ्या देशाच्या शाळेत पोहोचला. शाळाशाळांतील आंतरराष्ट्रीय सहकार्याचे यापेक्षा साधे रूप दुसरे नसेल.

भारतात हा विचार धोरणाच्या पातळीवर आणणाऱ्यांत एक नाव सीमाभागाला विशेष जवळचे आहे. ते जे. पी. नाईक यांचे. कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा तालुक्यातील बहिरेवाडी येथे १९०७ साली त्यांचा जन्म झाला. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी बल्लारीच्या तुरुंगात कारावास भोगला आणि सुटल्यावर धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या कन्नड खेड्यात राहून ग्रामसुधारणेचे काम केले. मराठी मुलखात जन्मलेला हा माणूस कन्नड खेड्यात रमला, आणि पुढे निपाणीपासून फार दूर नसलेल्या गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतही त्यांचा वाटा राहिला. १९६४ ते १९६६ या काळात दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली जो शिक्षण आयोग काम करीत होता त्याचे सदस्य-सचिव नाईक हेच होते. या आयोगात इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स, जपान आणि सोव्हिएत रशिया येथील शिक्षणतज्ज्ञही बसले होते. पहिल्या दहा वर्षांच्या शिक्षणात विज्ञान व गणित हे विषय प्रत्येक विद्यार्थ्याला अनिवार्य असावेत, ही शिफारस याच आयोगाची. त्याच सुमारास युनेस्को आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने शाळांसाठी प्रयोगपेट्या तयार करण्याचे कामही देशात सुरू झाले.

शिफारस मान्य झाली, विषय अनिवार्य झाले, पेट्याही पुष्कळ शाळांत पोहोचल्या. पण पेटी आली म्हणजे प्रयोग झाला असे होत नाही. उपकरण मोडले तर जबाबदारी कोणाची, या धास्तीने कपाटाला कुलूप लागते. प्रयोगपेटीपेक्षा अधिक आवश्यक असते ती प्रयोग करण्याची निकड. आणि ती निकड निर्माण करण्याचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे दुसऱ्या गावी आपल्या आकड्याची वाट पाहणारा कोणीतरी असणे. कुलाब्याच्या नोंदवहीला गॉटिंगेनने जी शिस्त लावली, तीच शिस्त शाळेच्या वहीला दूरच्या शाळेने लावावी, असा हा विचार आहे.

अलीकडच्या काळात त्याचे काही चांगले नमुने दिसले. १९९५ साली सुरू झालेल्या ‘ग्लोब’ या उपक्रमात अनेक देशांतील विद्यार्थी पाऊस, तपमान, माती यांची ठराविक रीतीने नोंद करून ती एका सामाईक संग्रहात धाडू लागले. २००४ सालच्या ८ जून रोजी शुक्राचे सूर्यबिंबावरून अधिक्रमण झाले, तेव्हा युरोपीय वेधशाळांनी जगभरच्या शाळांना आणि हौशी निरीक्षकांना आवाहन केले, की शुक्र बिंबाला शिवण्याचा व सोडण्याचा क्षण तेवढा कळवावा. त्या साध्या नोंदी एकत्र करून पृथ्वी व सूर्य यांमधील अंतर काढले गेले आणि ते सुमारे १४ कोटी ९६ लक्ष किलोमीटर आले. अठराव्या शतकात याच मोजणीसाठी राष्ट्रांनी जहाजे पाठविली होती. जी गोष्ट पूर्वी राजांच्या खजिन्यावाचून होत नव्हती ती आता मुलांच्या पत्रव्यवहारातून झाली.

बेळगाव आणि निपाणी यांच्या सावल्यांकडे पुन्हा वळले, म्हणजे दूरच्या सोबत्याची गरज आकड्यांनीच पटते. या दोन गावांच्या सावल्यांत फरक एका सेंटिमीटरचा. मोजताना एका ठिकाणी एक मिलिमीटर चूक झाली, आणि मुलांच्या हातून ती होणारच, तर उत्तरात दहावा हिस्सा चूक येते. पृथ्वी चार हजार किलोमीटरांनी फुगते किंवा आक्रसते. आता बेळगावच्या सोबतीला निपाणीऐवजी मध्य आशियातील किरगिझस्तानची राजधानी बिश्केक घेतली तर काय होईल? नकाशात पाहिले असता हे शहर जवळजवळ बेळगावच्याच रेखांशावर, थेट उत्तरेस आहे. भास्कराचार्यांची एकाच दक्षिणोत्तर रेषेची अट तेथे पुरी होते, आणि दोन्हीकडे माध्यान्ह जवळपास एकाच क्षणी होते. विषुवदिनी तेथे मीटरभर काठीची सावली सुमारे ९३ सेंटिमीटर पडते. अक्षांशांतील फरक २७ अंशांचा, दक्षिणोत्तर अंतर सुमारे ३ हजार किलोमीटर. २७ अंशांना ३ हजार, तर ३६० अंशांना ४० हजार. आता बेळगावला तीच एक मिलिमीटरची चूक झाली तरी उत्तर शंभर किलोमीटरांनीही ढळत नाही. सोबती जितका दूरचा, तितके उत्तर अचूक. भूगोलाच्या पुस्तकात सीमा म्हणून जी रेघ असते तिच्या पलीकडे जाण्याचे हे अगदी व्यवहारी कारण आहे.

या प्रयोगाला आणखीही धडे जोडलेले आहेत. बेळगावात मार्चच्या विषुवदिनी सूर्य माध्यान्हीवर येतो तेव्हा घड्याळात साडेबारा वाजून आठ-नऊ मिनिटे झालेली असतात. भारताचे प्रमाण घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचे आणि बेळगाव साडेचौऱ्याहत्तरावर; आठ अंशांची बत्तीस मिनिटे, आणि उरलेला फरक पृथ्वीच्या कक्षेच्या लंबवर्तुळाचा व तिच्या अक्षाच्या कलाचा. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येथे एका दुपारी उभ्या काठीची सावली पायाशी नाहीशी होते. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत माध्यान्हीची सावली चक्क दक्षिणेस पडते, आणि मग बिश्केकच्या कोनातून आपला कोन वजा करण्याऐवजी त्यात मिळवावा लागतो. अधिक-उणे चिन्हांचा अर्थ फळ्यावर महिनाभर समजाविला तरी जो मनात ठसत नाही, तो पटांगणात एका दुपारी ठसतो.

बेळगाव-निपाणीच्या शाळांना या सहकार्याचे आणखी एक मोल आहे. १९५६ सालच्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली आणि हा प्रदेश मुंबई राज्यातून त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासूनचे गाऱ्हाणे, आंदोलने आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे असलेला दावा हा सर्वांच्या परिचयाचा विषय आहे, आणि त्याचा निवाडा शाळेच्या पटांगणात व्हावयाचा नाही. परंतु त्या वादाची झळ मुलांना लागते, हेही खरे. एकाच गल्लीतील दोन मुले, एक मराठी शाळेत आणि एक कन्नड शाळेत, एकाच आकाशाखाली राहून एकमेकांच्या वहीत कधी डोकावत नाहीत. निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्राच्या हद्दीत आहे आणि निपाणी कर्नाटकात. दोन्ही बाजूंचे लोक ती रेघ रोज ओलांडतात. मग विज्ञानाच्या वहीने ती का ओलांडू नये? मराठीत जी सावली तिला कन्नडात नेरळु म्हणतात. पण गणित, विज्ञान, कोन हे शब्द दोन्ही भाषांत एकच आहेत. बिश्केकच्या शाळेशी सहकार्य करण्यापूर्वी शेजारच्या गल्लीतील शाळेशी ते झाले, तर पहिल्या मोजणीत दहावा हिस्सा चूक राहील हे खरे. परंतु दुसरी मोजणी कोणाबरोबर करावी याचा विचार मग दोन्ही शाळा मिळून करू लागतील.

यासाठी लागणारा खर्च जवळजवळ शून्य आहे. एक सरळ काठी, एक ओळंबा, सपाट केलेली हातभर जागा, आणि मोजपट्टी. परदेशी शाळेशी संपर्क साधण्यास पूर्वी महिने लागत, आता क्षण पुरतात. खरी टंचाई आहे ती शिक्षकाच्या मोकळ्या वेळेची आणि चूक करण्याच्या परवानगीची. परीक्षेत ४० हजार हे उत्तर लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण मिळतात, आणि स्वतः मोजून ३८ हजार काढणाऱ्या मुलाला शून्य मिळण्याची धास्ती असते. वस्तुतः दुसऱ्या मुलाने पृथ्वी मोजली आहे. पहिल्याने ती केवळ वाचली आहे. आपले उत्तर दोन हजारांनी का चुकले, काठी कलती होती की मोजपट्टी सैल होती, की पलीकडच्या शाळेने माध्यान्हीऐवजी बाराच्या ठोक्याला सावली घेतली, याचा शोध तो घेऊ लागला म्हणजे त्याच्या हातात विज्ञान आले असे समजावे.

जमखंडीच्या माळावर हर्शेलला दिसलेली नारिंगी रेषा त्याने चुकीच्या जागी मानली, म्हणून त्याची नोंद कोणी फेकून दिली नाही. ती इतरांच्या नोंदींशेजारी ठेवली गेली, तपासली गेली, आणि त्यातून सत्य पुढे आले. विज्ञानाची ही रीत उमेदीची आहे. तिच्यात एकट्याच्या चुकीला क्षमा आहे, कारण दुसऱ्याच्या मोजमापाचा तिला आधार आहे. सीमाभागातील मुलांना ही रीत लहानपणीच हाताने शिकविता आली, तर भास्कराचार्यांनी सांगितलेले दुसरे नगर त्यांना पुस्तकात शोधावे लागणार नाही. ते कोठे आहे, तेथे आज ऊन पडले आहे काय, आणि तेथील मुलांची सावली किती भरली, हे विचारण्याची उत्सुकता त्यांच्या मनात आपोआप जागी होईल; आणि जी मुले इतक्या दूरच्या सावलीची चौकशी करतात त्यांना शेजारच्या गल्लीतील सावलीची भीती वाटत नाही.